मोबाइलवरची दवंडी

मंडळी, दवंडी तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. नसेल तर आजोबांच्या तोंडून तिची हकिकत तरी ऐकलीच असेल. कोतवाल चावडीपुढे उभा राहायचा, डफावर चार ठोके द्यायचा, आणि ‘ऐका हो ऐका’ म्हणून उद्याच्या कामाची वर्दी द्यायचा. मग पुढच्या आळीत, मग वेशीपाशी. या दवंडीचा एक गुण सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ती कुणाच्या नावानं नसायची. जो आवाजाच्या टापूत असेल त्याच्यासाठी असायची. गावचा पाटील त्या दिवशी पुण्याला गेला असला तर त्याला ती ऐकू यायची नाही, आणि वाटसरू घडीभर पारावर टेकला असला तर त्याला मात्र यायची. दवंडी माणूस पाहत नव्हती, जागा पाहत होती.

पुढं पोस्ट आलं, तार आली, टेलिफोन आला. या सगळ्यांची रीत उलटी. तिथं आधी नाव लागतं, पत्ता लागतो, नंबर लागतो. नंबर ठाऊक असेल तर नागपूरच्या मेहुण्याशी बोलता येतं. पण बांधापलीकडं आग लागली आणि तिथल्या वस्तीवरच्या माणसाचा नंबर जवळ नसेल, तर हातातला टेलिफोन काय कामाचा? बारामतीच्या पेठेतून लावलेला फोन शेजारच्या दुकानात जातो की मुंबईला, हे त्या यंत्राला सारखंच. जवळ आणि लांब हा भेदच बुजून गेला.

गेल्या पंचवीसेक वर्षांत मात्र याच यंत्राला पुन्हा जवळ-लांब शिकवण्याचा खटाटोप झाला आहे. ‘मी कुठं आहे’ हे मोबाइलला कळतं, ‘माझ्या आसपास कोण आहे’ हेही कळतं, आणि त्यांची एकमेकांशी गाठ घालून देता येते. हे कसं घडतं, आणि बारामती-इंदापूरसारख्या ऊस, पाटपाणी नि विखुरलेल्या वस्त्यांच्या मुलखात त्याचा उपयोग काय, ते आज पाहू.

पहिली गोष्ट, मोबाइलला आपली जागा कळते कशी? पावसाळ्यात तुम्ही शेतात असता, आकाशात वीज लखलखते आणि काही क्षणांनी गडगडाट ऐकू येतो. या दोहोंच्या मधल्या वेळात जाणती माणसं आकडे मोजतात. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. सहा आकडे मोजून झाले आणि गडगडाट आला, तर वीज दोन किलोमीटरांवर पडली असं समजायचं. म्हणजे वेळ मोजली की अंतर निघतं. मोबाइल नेमकं हेच करतो. फक्त त्याची ‘वीज’ असते आकाशात सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह. प्रत्येक उपग्रहात अतिशय काटेकोर घड्याळ असतं आणि ‘आत्ता इतके वाजले, मी अमुक जागी आहे’ असा रेडिओचा निरोप तो सारखा पाठवत असतो. रेडिओच्या लहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतात, तेव्हा हा निरोप सेकंदाच्या सुमारे पंधराव्या हिश्शात जमिनीवर येतो. निरोपाला किती वेळ लागला, हे पाहून मोबाइल अंतर काढतो. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं जरी चुकलं तरी अंतरात ३०० मीटरांची चूक पडते. त्यावरून ते घड्याळ किती नेमकं असावं लागतं याचा अंदाज करा.

पण नुसतं एक अंतर समजून जागा कळत नाही. असं समजा, एका अनोळखी माणसाचा तुम्हाला फोन आला. तो कुठंतरी रानात आहे. त्याला एवढंच ठाऊक आहे की बारामती आपल्यापासून सरळ रेषेत २५ किलोमीटरांवर आहे. आता बारामतीभोवती २५ किलोमीटरांचं वर्तुळ काढा. तो त्या वर्तुळावर कुठंही असू शकेल. मग त्यानं सांगितलं की इंदापूर ३० किलोमीटरांवर आहे. इंदापूरभोवती दुसरं वर्तुळ काढा. ही दोन वर्तुळं दोनच ठिकाणी एकमेकांना छेदतात: एक जागा उत्तरेला भिगवणच्या बाजूला, दुसरी दक्षिणेला नीरेकाठी वालचंदनगरच्या बाजूला. शेवटी तो म्हणाला, ‘भिगवण इथनं पाच-सहा किलोमीटर असंल.’ झालं! दक्षिणेची जागा बाद. माणूस सापडला. जमिनीवर तीन अंतरं पुरली. आकाशातल्या उपग्रहांच्या बाबतीत चार लागतात, कारण मोबाइलचं स्वतःचं घड्याळ उपग्रहाइतकं नेमकं नसतं आणि त्याची चूक दुरुस्त करायला चौथा साक्षीदार हवा असतो.

ही अमेरिकेची जीपीएस पद्धत. मुळात ती लष्करासाठी होती, आणि सामान्य लोकांना मिळणाऱ्या निरोपात मुद्दाम थोडा घोळ घातलेला असे. मे २००० मध्ये अमेरिकेनं तो घोळ काढून टाकला आणि मग गाड्यांत, मोबाइलांत ही सोय सर्रास येऊ लागली. घरात, दाट झाडीत किंवा साध्या फोनवर उपग्रहाचा निरोप लागत नसेल, तर मोबाइल कंपनीच्या टॉवरवरून जागा काढतात. शहरात टॉवर जवळजवळ असतात म्हणून ती बरीच नेमकी निघते. आपल्याकडं दोन टॉवरांत कित्येक किलोमीटरांचं अंतर, तेव्हा ‘अमुक टॉवरच्या टापूत आहे’ यापलीकडं फारसं सांगता येत नाही. दवंडी अमुक वेशीवर ऐकू आली म्हणण्यासारखंच ते.

आता दुसरी गोष्ट. माझी जागा मला कळली. पण माझ्याजवळ कोण आहे हे कसं कळावं? लाखो माणसांच्या जागा एका ठिकाणी गोळा झाल्या, तर प्रत्येकापासून प्रत्येकाचं अंतर काढत बसणं हे यंत्रालाही जड जातं. त्यावर जी युक्ती काढली आहे ती तुमच्या पोस्टमनला चांगली ठाऊक आहे. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. तो बसवून देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच मराठी गृहस्थ, संस्कृतचे पंडित आणि कवी. पिनकोडात पुढचे आकडे सारखे असले म्हणजे ती गावं एका टापूतली. बारामतीचा पिन ४१३१०२, इंदापूरचा ४१३१०६. आणि गंमत पाहा, अकलूजचा आहे ४१३१०१. अकलूज सोलापूर जिल्ह्यात, बारामती पुणे जिल्ह्यात. पण पोस्टानं जिल्ह्याची शीव पाहिली नाही, टपालाची वाट पाहिली. म्हणून ही गावं आकड्यांत शेजारी झाली, आणि पुणे शहराच्या ४११ पासून वेगळी पडली.

मोबाइलच्या जाळ्यातही असेच लहान लहान चौकोन पाडलेले असतात. पृथ्वीचा सगळा पृष्ठभाग चौकोनांत वाटायचा, त्या चौकोनात आणखी चौकोन, त्यात आणखी. आणि प्रत्येकाला खूण द्यायची. जितकी खूण लांब तितका चौकोन बारीक. दोघांच्या खुणांची सुरुवात सारखी असली की ते शेजारी. यंत्र आधी एका चौकोनातली माणसं वेगळी काढतं आणि मग तेवढ्यांचंच अंतर मोजतं. यात एक अडचण आहे, आणि शेतकऱ्याला ती सांगायला नको. दोघांच्या विहिरी बांधाला लागून असतात, पण बांध मध्ये आल्यामुळं गट नंबर निराळा पडतो. तसं इथंही होतं. म्हणून आपल्या चौकोनाबरोबर भोवतालचे आठही चौकोन तपासावे लागतात.

आणखी एक खोच आहे. यंत्राचं ‘जवळ’ म्हणजे सरळ रेषेतलं जवळ. उजनीचा जलाशय इंदापूर आणि करमाळा या दोन तालुक्यांच्या मधे पसरला आहे. पलीकडचं कुगाव आणि अलीकडचं कळाशी ही गावं नकाशावर समोरासमोर दिसतात. पण रस्त्यानं जायचं तर जलाशयाला मोठा वळसा. म्हणूनच तिथं लोक नावेतून ये-जा करत. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळात तिथं नाव उलटली. एकजण पोहून काठाला लागला आणि सहा माणसं बुडाली. ज्याला मदतीला धावायचं आहे त्यानं नकाशावरचं अंतर पाहून भागत नाही. मध्ये पाणी आहे की वाट आहे, हे त्याच मुलखातला माणूस जाणतो.

आता या युक्तीचा उपयोग लोकांनी कसा केला ते पाहा. सुरुवात शहरांतून झाली. न्यूयॉर्कमध्ये २००० सालच्या सुमारास ‘डॉजबॉल’ नावाची सोय निघाली. आपण कुठल्या खानावळीत आहोत ते लघुसंदेशानं कळवायचं, म्हणजे आसपास असलेल्या मित्रांना वर्दी जायची. पुढं २००९ मध्ये ‘फोरस्क्वेअर’ आलं. त्यात एखाद्या ठिकाणी जो सर्वांत जास्त वेळा हजेरी लावील त्याला त्या जागेचा ‘महापौर’ म्हणत. लोकांना काही दिवस मौज वाटली. गूगलनं त्याच वर्षी ‘लॅटिट्यूड’ काढलं, ते २०१३ मध्ये बंद केलं. टेलिग्राममध्ये ‘जवळची माणसं’ दाखवण्याची सोय होती. भामट्यांचाच सुळसुळाट तिथं झाल्यामुळं तीही २०२४ मध्ये काढून टाकली. म्हणजे मोठ्या हौसेनं मांडलेले हे संसार बहुतेक मोडलेच म्हणायचे.

माझ्या मते त्याचं कारण उघड आहे. शहरात अनोळखी माणसं जवळजवळ राहतात, म्हणून ‘शेजारी कोण’ हे यंत्राला विचारावंसं वाटतं. पण अनोळख्याशी नुसती ओळख करून पुढं काय करायचं, याचं उत्तर या कंपन्यांपाशी नव्हतं. आपल्या मुलखात गोष्ट नेमकी उलटी आहे. इथं माणसं एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखतात, पण राहतात लांब लांब. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं, उसाचे मळे झाले, आणि शेतकरी गावठाण सोडून आपापल्या रानात वस्ती करून राहिला. पूर्वी आळीत आरडाओरडा झाला की दहा घरची माणसं काठ्या घेऊन बाहेर पडत. आज मधे उभा ऊस. रात्री वस्तीवर कुणी हाक मारली तर पुढच्या वस्तीवर ती ऐकू जाईलच असं नाही. ओळख पुष्कळ आहे, हाक पोचत नाही. आपली अडचण ही.

त्या अडचणीवर महाराष्ट्रातच एक तोडगा निघाला आणि पुणे ग्रामीण पोलिसांनी तो आपल्या गावागावांतून नेला. त्याचं नाव ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’. रीत अगदी साधी आहे. गावातल्या माणसांनी आपापले मोबाइल नंबर गावाच्या नावाखाली नोंदवायचे. चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला, लहान मूल हरवलं, ओढ्याला पूर आला, की ज्यानं पाहिलं त्यानं एका ठरलेल्या नंबरावर फोन करायचा आणि काय झालं, कुठं झालं ते आपल्याच तोंडानं सांगायचं. त्याच आवाजातला तो निरोप गावातल्या नोंदलेल्या सगळ्या मोबाइलांवर एकदमच फोन होऊन येतो. लक्षात घ्या, लिहिलेला संदेश येत नाही, फोन वाजतो. मध्यरात्री संदेश कोण वाचणार? पण घंटी वाजली की झोपलेला उठतो. आणि बटणांचा साधा फोन असला तरी चालतो. महागडा मोबाइल लागत नाही, इंटरनेट लागत नाही, लिहिता-वाचता आलंच पाहिजे असंही नाही. वस्तीवरची म्हातारीसुद्धा हे करू शकते. दवंडीच ही, फक्त डफ प्रत्येकाच्या उशाशी ठेवला आहे.

इथं उपग्रह नाही, चौकोन नाही. नोंदवलेलं गाव हीच जागा. शहाण्या तंत्रज्ञाला हे ओबडधोबड वाटेल. पण संकटाच्या वेळी उपयोगी पडायची ती गोष्ट जितकी साधी तितकी बरी, असं मला वाटतं.

तरी तिची एक उणीव सांगितलीच पाहिजे, कारण ती कुणाच्या तरी जिवाशी येते. नाव नोंदवलं असेल त्याचाच फोन वाजतो. आता आपल्याकडं दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात. बीडकडून आणि आणखी लांबून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पाचटाच्या कोपी घालून बायकामुलांसह ती माणसं ऐन रानात राहतात. बिबट्या उसातच दबा धरतो, आणि उसाच्या सर्वांत जवळ झोपतात ती हीच माणसं. पण त्यांची नोंद त्यांच्या गावी. इथल्या यादीत ती नाहीत. संध्याकाळी बिबट्या दिसल्याचा निरोप गावात तीनशे मोबाइलांवर जावा आणि ज्या फडाच्या कडेला कोपी आहेत तिथंच कुणाला कळू नये, असं होऊ शकतं. जुन्या दवंडीत हा दोष नव्हता. ती पाहुण्यालाही ऐकू येत होती. यावर उपाय अवघड नाही. टोळी उतरली की मुकादमाचा आणि दोन-चार मजुरांचा नंबर हंगामापुरता गावच्या यादीत घालायचा. ग्रामपंचायतीनं मनावर घेतलं तर एका सकाळचं काम आहे. साखरशाळेचे किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेचे गुरुजी मुलांची नावं घालायला कोपीवर जातातच. त्यांनी सोबत हीही नोंद करून आणली तर किती बरं होईल!

सरकारनं आणखी एक पद्धत उभारली आहे, तिच्यात मात्र ही यादीची भानगड नाही. २०२३ मध्ये एके दिवशी तुमचा मोबाइल एकाएकी मोठ्यानं कर्कश वाजला आणि त्यावर ‘ही चाचणी आहे’ असा मजकूर आला, हे पुष्कळांना आठवत असेल. काहीजण घाबरलेसुद्धा. तो निरोप नंबर पाहून पाठवला जात नाही. टॉवर तो निरोप हवेत सोडतो आणि त्या टापूत जे जे मोबाइल त्या क्षणी आहेत ते तो उचलतात; बीडचा असो की बिहारचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेनं काढलेलं ‘दामिनी’ हे विजेचं ॲपही आपण उभे आहोत त्या जागेभोवती विजेचा धोका आहे का ते सांगतं. या दोन्हीत बोलणारा सरकार आणि ऐकणारे आपण. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला हाक मारायची सोय त्यांत नाही, म्हणून ग्राम सुरक्षा यंत्रणेची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

जवळच्या माणसांना एकत्र आणण्याचा हा उद्योग आकाशवाणीला नवा नाही, हेही जाता जाता सांगतो. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत युनेस्कोच्या मदतीनं पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओ ऐकणाऱ्या शेतकऱ्यांची मंडळं स्थापन केली होती. अर्धा तास कार्यक्रम, आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे. पंधरा-वीस माणसं रेडिओपुढं बसून ऐकत आणि कार्यक्रम संपला की आपसांत चर्चा करीत. त्याची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेनं केली. पॉल न्यूराथ हे समाजशास्त्रज्ञ तिचे प्रमुख होते. त्यात असं दिसलं की जिथं मंडळ होतं तिथल्या लोकांची माहिती पुष्कळच वाढली. आणि जिथं मंडळ नव्हतं तिथं, रेडिओ असला काय आणि नसला काय, फारसा फरक पडला नाही! ऐकणं सारखंच, पण ऐकल्यावर शेजारी बसलेल्याशी बोलणं, हे दुसरीकडं घडलं नव्हतं. मोबाइलवर दिवसभर निरोप वाचूनही आपल्याला फारसं काही समजत का नाही, याचं उत्तर मला या जुन्या पाहणीत दिसतं. आज बारामतीला विद्या प्रतिष्ठानचं ‘वसुंधरा वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. त्याचा टापू मुद्दामच लहान ठेवलेला असतो, त्यामुळं बोलणारा आणि ऐकणारा एकाच बाजाराला जाणारे असतात.

आता या गोष्टीची काळी बाजू. हाक जितकी लवकर पोचते, तितकीच अफवाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवड्याचा बाजार होता. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव फिरत होते. बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं आली होती. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत गावोगाव हिंडणारी गरीब माणसं, त्यांतली बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली. कुणाला तरी संशय आला, जमाव जमला, आणि ती पाचही माणसं मारली गेली. कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं. जमावातले बहुतेक लोक जवळचेच होते, आपल्या लेकरांच्या काळजीनंच धावले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचांपलीकडं पुढं ढकलता येणार नाही, असं बंधन घातलं. २०२४ च्या उन्हाळ्याअखेरीस बारामती, इंदापूर, दौंड भागांत रात्री आकाशात ड्रोन फिरतात म्हणून लोक धास्तावले होते, रात्री जागून पहारे देत होते. राईनपाड्याची आठवण ठेवून मी म्हणतो, अशा वेळी वाटेवरच्या परक्या माणसाची मला फार काळजी वाटते.

म्हणून दोन निरोपांतला फरक नीट ओळखा. ग्राम सुरक्षा यंत्रणेत बोलणाऱ्याचा आवाज येतो, त्याच्या नंबराची नोंद राहते. ‘मी अमक्याच्या विहिरीजवळ उभा आहे आणि मी पाहिलं’ असं तो सांगतो. पुढं ढकलत आलेल्या संदेशाला ना गाव, ना आवाज, ना तारीख. ‘आपल्या भागात’ असं त्यात लिहिलेलं असतं. पण तो भाग कुणाचा? तोच मजकूर नंदुरबारला वाचला की नंदुरबारचा, निमगाव केतकीला वाचला की निमगावचा. निरोपातली जागा खरी आहे की नुसती वाचणाऱ्याच्या डोक्यातली आहे, एवढं विचारलं तरी निम्म्या अफवा तिथंच संपतील. आणि संशय आलाच तर ११२ नंबरला पोलिसांना कळवा. माणसाला हात लावू नका.

दुसरा धोका अधिक मुका आहे. आपली जागा दुसऱ्याला दिसते, ती त्याला कशाला दिसावी? मघाची ती तीन वर्तुळं आठवा. एखाद्या ॲपनं ‘ही व्यक्ती तुमच्यापासून इतक्या अंतरावर आहे’ एवढंच दाखवलं तरी, वाईट मनाचा माणूस तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून ते अंतर पाहील आणि वर्तुळं काढून घर शोधील. ‘टिंडर’ नावाच्या ॲपमध्ये हे होऊ शकत होतं असं २०१४ साली तज्ज्ञांनी जाहीर केलं; कंपनीनं ते दुरुस्त केलं. २०१७ मध्ये ‘स्ट्राव्हा’ या धावण्या-चालण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपनं जगभरच्या वाटांचा नकाशा छापला, तर वाळवंटातले लष्करी तळसुद्धा त्यात उजळून दिसू लागले. कारण शिपाई रोज तळाभोवती धावत होते. पहाटे एकट्यानं कॉलेजच्या एस. टी. साठी फाट्यावर चालत जाणाऱ्या मुलीची वाट अशी कुणाला रोज दिसली तर? मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन’ म्हणून सदर असतं. कोणत्या ॲपला जागा ‘नेहमी’ कळते, कोणत्या ॲपला ‘वापरतानाच’ आणि कोणत्या ॲपला ‘कधीच नाही’, हे तिथं ठरवता येतं. गुरुजनहो, आठवी-नववीच्या वर्गात हे सदर एकदा उघडून दाखवाच.

जागा सांगावी, पण ठरलेल्या माणसाला आणि ठरलेल्या वेळेपुरती, हे धोरण चांगलं. व्हॉट्सॲपवर २०१७ पासून चालती जागा पाठवता येते. १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास. मुदत संपली की दिसणं बंद. याचा उपयोग आपल्याकडं सर्वांत जास्त कधी होत असेल तर वारीत. तुकोबारायांची पालखी उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी आपल्याच रानातून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला आणि इंदापूरला अश्वांचं रिंगण. लाखो माणसांत सासूबाई चुकल्या तर सुनेनं कुठं शोधायचं? चालती जागा मोबाइलवर दिसली तर काम सोपं होतं. पण माणसांचा समुद्र लोटला की टॉवरवर इतका भार येतो की तोच मोबाइल हटकून मुका होतो.

वारकऱ्यांनी त्यावरची तोड पूर्वीच काढून ठेवली आहे. प्रत्येक दिंडीला नंबर असतो आणि ती रथाच्या पुढं की मागं हे ठरलेलं असतं. ‘रथामागं अमुक नंबर’ एवढं सांगितलं की झालं. रथ दिवसाला चार-पाच कोस चालतो, गाव रोज बदलतं, पण रथापासूनची जागा बदलत नाही. उपग्रहाची गरज नाही, बॅटरीची गरज नाही. चुकलेल्या म्हातारीला कुणीही वारकरी हात धरून नेऊन सोडतो. मोबाइलची चालती जागा आणि दिंडीचा नंबर, वारीला निघताना दोन्ही घ्या. आणि दिंडीचा नंबर मोबाइलमध्ये न ठेवता कागदावर लिहून आजीच्या पिशवीत घाला.

गुरुजनहो, तीन वर्तुळांचा प्रयोग शाळेच्या पटांगणावर करून पाहण्याजोगा आहे. खर्च काही नाही. तीन खुंट्या ठोका, त्यांना बारामती, इंदापूर, भिगवण अशी नावं द्या. एका मुलानं पटांगणात कुठंतरी खडा ठेवून प्रत्येक खुंटीपासूनचं अंतर दोरीनं मोजून फळ्यावर लिहावं आणि खडा उचलावा. मग दुसऱ्या मुलांनी दोरी आणि फक्कीनं वर्तुळं आखून ती जागा शोधावी. दोन वर्तुळं झाली की थांबा आणि विचारा, ‘खडा कुठं असेल?’ वर्गात दोन तट पडतील. मग तिसरं वर्तुळ काढा. एकदा दोरी मुद्दाम वीतभर कमी धरून पाहा, म्हणजे तिन्ही वर्तुळं एका जागी न मिळता मधे लहानसा तिकोन उरेल. उपग्रहाचं घड्याळ चुकलं म्हणजे काय होतं, ते मुलांना त्या तिकोनात दिसेल.